एकट्याची कुस्ती

१९६१ साली ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब पहिल्यांदा लढवला गेला तो आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. हे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, “कोल्हापुरात नाही?” नाही. कुस्तीच्या नकाशावर मराठवाडा कोपऱ्यात असला, तरी पहिला महाराष्ट्र केसरी इथे ठरला.

पुढे सत्तावीस वर्षांनी, ८ मे १९८८ रोजी, याच शहरात मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांची सभा झाली. महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेनेने २७ जागा मिळवल्या होत्या, त्याची ती विजयसभा. त्या सभेत त्यांनी शहराला ‘संभाजीनगर’ म्हटले, आणि त्या दिवसापासून अर्धे शहर ते नाव वापरू लागले, अर्धे शहर वापरेनासे झाले. राज्य मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला २९ जून २०२२ रोजी. पुढच्या सरकारने १६ जुलैला त्याला ‘छत्रपती’ जोडले आणि केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. मधल्या काळातले ठराव, अधिसूचना आणि कोर्टकज्जे वेगळेच. व्यासपीठावरून सुटलेले एक वाक्य सरकारी कागदावर उतरायला जवळजवळ पस्तीस वर्षे लागली.

कुस्ती आणि भाषण या दोन्ही गोष्टी या शहराने जवळून पाहिलेल्या आहेत. म्हणून एक प्रश्न इथे बसूनच विचारावासा वाटतो. आपले पुढारी एकमेकांशी शब्दांनी लढतात म्हणजे नेमके काय करतात? ते कुस्ती खेळतात, की मुष्टियुद्ध? प्रश्न गमतीचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर माझ्या नळाला पाणी कधी येणार हे थोडेफार अवलंबून आहे, असे मला वाटू लागले आहे.

मराठी राजकारणाची भाषा तालमीतली आहे. उमेदवार आखाड्यात उतरतो, दंड थोपटतो, शड्डू ठोकतो, डावपेच आखतो, एकाला पेचात पकडतो, दुसऱ्याला चीतपट करतो. दोन पक्ष वरवर भांडताना दिसले की ती नुरा कुस्ती. मुरलेला पुढारी म्हणजे वस्ताद, आणि वस्ताद एक डाव राखून ठेवतो हे शाळकरी पोरालाही पाठ. ही नुसती अलंकारिक भाषा नाही. राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपद अनेक वर्षे शरद पवार यांच्याकडे होते. वर्ध्याचे माजी खासदार रामदास तडस स्वतः मातीतले पैलवान.

अमेरिकेत हेच काम मुष्टियुद्धाची भाषा करते. तिथे २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर एकत्र उभे राहिले. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठले होते, चेहरा ओढलेला, केनेडी ताजेतवाने. त्यानंतर मधली काही वर्षे सोडली तर हा सामना दर निवडणुकीला होत आला आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच चर्चा असते : ‘नॉकआउट’ ठोसा कुणी मारला, गुणांवर कोण जिंकले, कोण दोराला टेकले. २७ जून २०२४ च्या चर्चेत बायडन यांची अवस्था अशी झाली की पुढच्या महिन्याभरात, २१ जुलैला, त्यांनी उमेदवारीच सोडली. मुष्टियुद्धात आपला गडी आता मार खाणार हे दिसले की त्याच्याच कोपऱ्यातला माणूस रिंगणात टॉवेल टाकतो. इथे नेमके तेच झाले. टॉवेल स्वपक्षीयांनी टाकला.

आता या दोन खेळांतला फरक बघू. मुष्टियुद्धात दोघांच्या मध्ये अंतर असते. त्या अंतरातून ठोसा येतो, बसतो किंवा चुकतो, आणि हात परत मागे जातो. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली, म्हणजे घंटा वाजली की मार खाणाऱ्याची सुटका. कुस्तीत अंतर मिटल्याशिवाय काही सुरूच होत नाही. आधी हात मिळवायचा, मग उभ्याने खडाखडी, मग पकड. पट काढायचा तर समोरच्याचा पाय हातात यावा लागतो. घिस्सा मारायचा तर तो खाली बसलेला लागतो. आपल्या मातीतल्या निकाली कुस्तीला गुण नाहीत, पाठ टेकली की खेळ संपला.

बोलण्यातही हे दोन प्रकार स्वच्छ दिसतात. टोमणा, टोपणनाव, आरोप, नक्कल हे ठोसे. ते लांबून मारता येतात. समोरचा हजर असलाच पाहिजे असे नाही. पण प्रश्न ही पकड आहे. “भूमिपूजन झाले त्याला इतकी वर्षे झाली, पाणी कितव्या दिवशी येते?” असा प्रश्न विचारायचा, उत्तर टाळले की पुन्हा विचारायचा, आकडा चुकवला की कागद पुढे करायचा. हे करायला समोर माणूस लागतो. टोला लांबून मारता येतो, पकड लांबून घेता येत नाही. आणि आपल्याकडे दोन उमेदवार समोरासमोर येतच नाहीत. एक सोमवारी येतो, दुसरा गुरुवारी, मैदान तेच.

* * *

तरीही शैली असतेच, आणि मराठी माणूस तिचा शौकीन आहे. भाषण ऐकायला तो ज्याला मत देणार नाही त्याच्याही सभेला जातो. थोडे या शैलींकडे बघू.

बाळासाहेब ठाकरे एका ठोशाचे मुष्टियोद्धे होते. गुण जमवणे, फेऱ्या मोजणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मूळचे व्यंगचित्रकार असल्यामुळे माणसाचा एक अवयव पकडून तेवढाच मोठा करायचा, ही सवय त्यांनी कुंचल्यातून जिभेवर आणली. वाक्य लहान, कर्ता-क्रियापदाची फिकीर नाही, मध्येच थांबणे, आणि मग एक शब्द. शरद पवारांना त्यांनी दिलेले ‘मैद्याचं पोतं’ हे नाव वर्षानुवर्षे महाराष्ट्राच्या तोंडी राहिले. त्यात युक्तिवाद काहीही नाही, म्हणून ते खोडताही येत नाही. व्यंगचित्राला उत्तर काय देणार?

पवारांनी उत्तर दिलेही नाही. मुष्टियुद्धात जबरदस्त ठोसेबाज समोर असला की अनुभवी खेळाडू पुढे होऊन त्याला मिठी मारतो. याला ‘क्लिंच’ म्हणतात. मिठीत हात हलवायला जागा उरत नाही, ठोसा मारता येत नाही. पवार आणि ठाकरे यांची जाहीर मैत्री मला नेहमी या मिठीसारखी वाटत आली आहे. २००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेवर बिनविरोध गेल्या, त्यात शिवसेनाप्रमुखांच्या शब्दाचा वाटा होता हे दोन्ही बाजूंनी लपवलेले नाही. मैत्री खोटी होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. मिठी खरी असली तरी ती बचावही असू शकते, एवढेच.

आमच्या मराठवाड्याने दोन वेगळे नमुने दिले. गोपीनाथ मुंडे सतत पुढे सरकणारे. समोरच्याला श्वास घ्यायला जागा न देता एकामागून एक ठोसे टाकणारे. १९९५ च्या सत्तांतराआधी विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी पवारांवर जो हल्ला चढवला, तो या जातीचा होता. विलासराव देशमुख नेमके उलटे. अंगावर आलेला ठोसा थोडे मान कलती करून जाऊ द्यायचा, हसायचे आणि त्याच हसण्यात परत एक चिमटा घ्यायचा. समोरच्याचा तोल त्याच्याच जोराने जातो. दोघे मित्र होते, आणि त्यांना एकाच कार्यक्रमाच्या व्यासपीठावर ऐकणे हा मराठी वक्तृत्वातला मोठा आनंद होता. पण तो सत्कार समारंभातला आनंद, निवडणुकीतला नव्हे.

देवेंद्र फडणवीस यांचे हत्यार ‘जॅब’. पुढच्या हाताचा सरळ, छोटा, जलद ठोसा. एका ठोशाने कुणी पडत नाही, पण पंचांच्या कागदावर गुण चढत राहतात. विधानसभेत आकडा, कलम, तारीख, पुन्हा आकडा असे त्यांचे बोलणे चालते; कायद्याचे शिक्षण त्यात दिसते. उलट आमचे माजी खासदार इम्तियाज जलील पत्रकारितेतून आलेले. कॅमेऱ्याची फ्रेम किती सेकंदांची असते हे ठाऊक असलेल्या माणसासारखे ते बोलतात.

आणि राज ठाकरे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी एकही उमेदवार उभा केला नाही, पण राज्यभर सभा घेतल्या आणि मोठ्या पडद्यावर पंतप्रधानांच्याच जुन्या भाषणांच्या चित्रफिती दाखवल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे शब्द त्या उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवातही ऐकू येत होते. कुस्तीच्या भाषेत हा धोबीपछाड. प्रतिस्पर्ध्याचाच हात ओढून आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि धोबी कपडा आपटतो तसे त्याला पाठीवरून पुढे आपटायचे. जोर त्याचा, वजन त्याचे, शब्दही त्याचेच. डाव म्हणून अप्रतिम. निकाल काय लागला? राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला. कारण साधे आहे. ज्याला आपटले तो मैदानात नव्हताच, होती ती पडद्यावरची त्याची सावली. सावलीची पाठ मातीला कायमच लागलेली असते.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र एक गंमत घडली. विधानसभेच्या प्रचारात फडणवीस म्हणाले की आमचे पैलवान अंगाला तेल लावून आखाड्यात उभे आहेत, पण समोर लढायला कुणी दिसतच नाही. हा ठोसा होता, पण चुकून तालमीच्या भाषेत मारलेला. कुस्तीगीर परिषदेचा माणूस समोर असताना! पवारांनी ते वाक्य हातात आलेल्या मनगटासारखे धरले. कुस्ती पैलवानांशी होते, असल्यांशी होत नाही, अशा अर्थाचे बोलत त्यांनी हाताने जी खूण केली ती सभ्यतेच्या कडेवरची होती आणि राज्यभर पोचली. मला मात्र त्या खुणेपेक्षा १८ ऑक्टोबरची साताऱ्याची सभा महत्त्वाची वाटते. धो धो पावसात ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस भिजत बोलला, हे चित्र सर्वांच्या लक्षात आहे. तो बोलला काय, ते कमी जणांच्या लक्षात आहे. लोकसभेला साताऱ्यात उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी त्या पावसात दिली.

पैलवान कधी कधी आपणहून खाली बसतो. वरच्याला वाटते हा दमला, तो चढतो, आणि त्याचा तोल पुढे गेला की खालचा पलटी मारतो. १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनसमोर हेच केले. दोराला टेकून सात फेऱ्या मार खाल्ला, फोरमनचे हात जड होऊ दिले आणि आठव्या फेरीत त्याला पाडले. चूक कबूल करणे ही राजकारणातली खाली बसण्याची जागा. साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे भोसले सुमारे ८७ हजार मतांनी हरले. पावसाने हरले की कबुलीने, हे मोजण्याचे यंत्र नाही. पण आपल्या व्यासपीठांवर ‘माझे चुकले’ हे दोन शब्द किती दुर्मीळ आहेत हे आठवून बघा.

मराठी वर्तमानपत्रांचे मथळेही या दृष्टीने चाळण्यासारखे आहेत. चिमटा, कोपरखळी, टोला, प्रहार, घणाघात, तोफ डागली, हल्लाबोल. ठोशाच्या वजनानुसार अगदी बारीक श्रेणी लावलेली आहे. सोनाराच्या काट्याला लाजवील अशी. बचावासाठी जेमतेम ‘पलटवार’, म्हणजे तोही ठोसाच. प्रश्नाचे उत्तर दिले नाही यासाठी एक ‘बगल दिली’ आहे, पण तो मथळ्यात क्वचित येतो. मथळा लिहिणाऱ्याचा दोष नाही. समोर घडते तेच तो लिहिणार.

* * *

आता २०२२ च्या उन्हाळ्याकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा कस तिथे लागतो.

१ मे २०२२. मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचे मैदान. पोलिसांनी सोळा अटी घालून राज ठाकरे यांच्या सभेला परवानगी दिली होती. विषय मशिदींवरचे भोंगे, मुदत ईदपर्यंतची. २३ मे रोजी याच शहरात पाण्यासाठी भाजपचा ‘जल आक्रोश’ मोर्चा, नेतृत्व फडणवीसांचे. दरम्यान सरकारकडून पाणीपट्टी निम्म्यावर आणण्याचा निर्णय जाहीर झाला. ८ जूनला, शहरातल्या पहिल्या शिवसेना शाखेच्या वर्धापनदिनी, त्याच मैदानावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची सभा. त्यांनी भाजपच्या हिंदुत्वाला उत्तर दिले, पाण्याचाही विषय घेतला. त्यांची शैली टोमण्याची. मोठा ठोसा नाही, पण समोरच्याचा ठोसा येण्याची वाट बघून त्याच्या बगलेतून मारलेला.

पहिल्या सभेपासून तिसऱ्यापर्यंत ३८ दिवस. पहिल्याला तिसऱ्याने उत्तर दिले तेव्हा पहिला मैदानात नव्हता. दुसऱ्याने जो प्रश्न विचारला, तो ज्याला विचारला तो तेव्हा मुंबईत होता. प्रत्येक सभेला गर्दी तुफान, आणि प्रत्येक गर्दीला वाटले आपला माणूस जिंकला. तसे वाटणारच. मुष्टियुद्धाच्या सरावात आरशासमोर उभे राहून हवेत ठोसे मारतात, त्याला ‘शॅडो बॉक्सिंग’ म्हणतात. आरशासमोर आजवर कुणी हरलेला नाही.

प्रश्न होता १६८० कोटींच्या पाणीपुरवठा योजनेचा. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले होते. पैठणचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असताना आमच्या वसाहतींत आठवड्याने, कधी दहा दिवसांनी पाणी येत होते. या योजनेच्या काळात राज्यात सत्ता सर्वांनी भोगली आहे. त्यामुळे प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक प्रश्न आहे आणि प्रत्येकाला द्यायचे एक उत्तर आहे. दोघे-तिघे एका व्यासपीठावर आले असते, तर तासाभरात कंत्राट, जलवाहिनी, वाढलेला खर्च, कुणाच्या काळात किती काम, हे सगळे नागरिकांपुढे पडले असते. तसे झाले नाही. आम्हाला भाषणे मिळाली. टँकरची वाट बघत आम्ही ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली, हेही खोटे कशाला बोला.

आणि मग वीस जूनची रात्र आली. उद्धव ठाकरे समोरच्या प्रतिस्पर्ध्यांना उत्तर देत असताना ठोसा आला तो त्यांच्याच कोपऱ्यातून. आमच्या जिल्ह्यातल्या सहापैकी पाच शिवसेना आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. त्यांतले एक पैठणचे संदीपान भुमरे. फर्डे वक्ते अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती, बोलणे साधे, गावाकडचे. २०२४ मध्ये त्यांनी इम्तियाज जलील यांना एक लाख ३४ हजारांवर मतांनी हरवले. त्याआधी २०१९ मध्ये जलील यांनी चंद्रकांत खैरे यांना ४४९२ मतांनी हरवले होते, पण तिथे हर्षवर्धन जाधव यांची पावणेतीन लाखांवरची मते तिसऱ्या बाजूला पडली होती. म्हणजे वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेचा आणि मतपेटीचा मेळ बसतोच असे नाही. मग शैलीची एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर असे की कुणी जिंकावे यासाठी समोरासमोर येणे नको आहे. जो जिंकेल त्याने काय कबूल केले होते, हे दहा हजार माणसांना साक्षी ठेवून नोंदले जावे यासाठी हवे आहे.

* * *

हे आपल्या परंपरेत नाही, असे म्हणायची सोय नाही. कलगी-तुरा आठवा. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. दोन फड समोरासमोर, रात्रभर. एकाने भेदिक लावणीतून कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर बांधून गायचे. उत्तर सुचले नाही तर गावासमोर हार. परवा येऊन उत्तर देतो, अशी सवलत नाही. तमाशातला सवाल-जवाब याच झाडाची फांदी. हा खरा आखाडा होता, आणि त्याचे पंच अक्षरशत्रू होते.

आणि पकड म्हणजे काय हे बघायचे तर घटना समितीचे कामकाज वाचावे. घटनेच्या मसुद्यावर सुमारे ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले, आणि हरी विष्णू कामथांसारखे सभासद कलमामागून कलम त्यांच्या अंगावर घेऊन येत आहेत. कुठे बाबासाहेब दुरुस्ती मान्य करतात, कुठे दोन वाक्यांत फेटाळतात, कुठे तासभर समजावतात. निघून मात्र जाता येत नाही. प्रकृती साथ देत नसताना त्यांनी हे केले, आणि त्याच सुमारास, १९५० मध्ये, आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे राहत होते. नागसेनवनातला तो परिसर ज्या मिलिंदाच्या नावाने ओळखला जातो, तो ग्रीक राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव वनाला. एवढा नेमका विचार करून शहरात दुसरे काही नाव ठेवले गेले असेल असे वाटत नाही.

विधिमंडळात ही पकड काही काळ टिकली. मृणाल गोरे यांना मुंबई ‘पाणीवाली बाई’ म्हणत असे. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली. घोषणा ठोशाची आहे, पण बाईंचे काम पकडीचे होते : वस्ती, नळ, तारीख, अधिकारी, पुन्हा प्रश्न. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले ते आरडाओरड करून नव्हे. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना आजही आहेत. पण सभागृहातला गोंधळ संध्याकाळच्या बातम्यांत येतो, प्रश्नाचे उत्तर येत नाही.

मग ही विद्या गेली कुठे? मला वाटते तालीमच बंद पडली. आपली शाळकरी वक्तृत्व स्पर्धा आठवा. चिठ्ठी उचलायची, सात मिनिटे एकट्याने बोलायचे, पहिली घंटा सूचनेची, दुसरी संपल्याची. वादविवाद स्पर्धेतही एकाच शाळेचा एक मुलगा बाजूने बोलतो, दुसरा विरोधात, दोघे मिळून ढाल नेतात! समोरच्याने काय म्हटले ते ऐकून त्यातले एक वाक्य धरायची सवय लागत नाही. पाठ केलेलेच म्हणायचे असते. पुढे महाविद्यालयात ती सवय लागू शकली असती. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मतदानाच्या आधी अध्यक्षपदाचे सगळे उमेदवार एका मंचावर येतात, एकमेकांना आणि श्रोत्यांना उत्तरे देतात. आपल्या राज्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थांबल्या. मारामाऱ्या, खून झाले होते, कारण खोटे नव्हते. पण त्या कायद्यानंतर दोन पिढ्या अशा आल्या, की ज्यांनी मत मागताना समोरच्याचे ऐकून घेतलेच नाही. त्यातलेच आज आमदार आहेत.

एक अडचण मान्य करायला हवी. जो पुढे आहे तो समोरासमोर का येईल? मोठ्या जोडीचा पैलवान नवख्याशी हात मिळवत नाही, त्यात मिळवण्यासारखे काही नसते आणि गमावण्यासारखे सगळे असते. दुसरी अडचण पंचाची. टीव्हीवरच्या चर्चेत आठ माणसे आठ चौकोनांतून एकाच वेळी बोलतात आणि निवेदक त्यांच्याहून मोठ्याने. त्याला कुस्ती म्हणायचे तर यात्रेतल्या चेंगराचेंगरीलाही म्हणावे लागेल. जोड लावणारी, वेळ मोजणारी आणि दोन्ही बाजूंना मान्य असणारी पंचकमिटी गावोगावच्या जत्रेत आजही असते. शहरात ती कुठून आणायची? वकील संघ, ग्रंथालये, व्यापारी महासंघ, निवृत्त प्राध्यापक अशी नावे सुचतात, आणि प्रत्येक नावापुढे कुणी ना कुणी ‘तो तर अमक्याचा माणूस’ म्हणतोच.

छत्रपती संभाजीनगर महापालिकेत एप्रिल २०२० पासून प्रशासक होता. पाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. निवडणुकीची हालचाल सुरू झाली की फलक लागू लागतात, शुभेच्छा देणारे चेहरे चौकाचौकांत हात जोडून उभे राहतात. थोड्याच दिवसांत मैदानावर मोठ्या सभा होतात. रात्रीचे दहा वाजत आले की वक्ता घड्याळाकडे बघतो, माईक बंद होतो.

जत्रेतल्या मैदानात मात्र मोठी जोड सर्वांत शेवटी लागते. उन्हे कलायच्या आधी, हलगी नुकती तापलेली असताना, हौदात उतरतात ती आठ-दहा वर्षांची पोरे. त्यांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर. कमिटीतला एखादा म्हातारा दोन पोरांची दंडे धरून उंची जुळवतो, वजनाचा अंदाज घेतो, दोघांच्या हातात हात देतो आणि बाजूला होतो. माझ्या प्रभागात एखाद्या मंगल कार्यालयात दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि पाण्याचे वेळापत्रक एवढे मांडायला किती खर्च येईल, याची मी परवा चौकशी केली. कार्यालयवाला म्हणाला, लग्नाच्या तिथी सोडून कधीही घ्या, भाडे नको. उमेदवार तेवढे तुम्ही आणा.